स्पीकरमधला भुंगा कसा शोधायचा

कॉम्प्युटरचा स्पीकर चालू केला, गाणं अजून लावलेलंसुद्धा नाही, आणि आतून घूंऽऽ. डब्यात भुंगा कोंडलाय जणू. माझ्याकडे हा भुंगा आठ महिने मुक्कामाला होता. तेवढ्या काळात मी एक यूएसबी साउंड कार्ड घेतलं, दोनदा केबल बदलली, विंडोज नव्याने टाकलं, शेवटी कॅबिनेट उचलून एका दुकानात नेलं तर तिथे निदान झालं की बोर्डवरची साउंडची चिप गेलीय, मदरबोर्डच बदला. गंमत म्हणजे दुकानात तो आवाज येतच नव्हता, आणि हे कोणाला खटकलं नाही, मलाही नाही. दोष निघाला आमच्या घराच्या भिंतीत. ते पुढे सांगतो.

तर ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी लिहितोय. क्रम मुद्दाम फुकटाकडून महागाकडे ठेवलाय, वरून खाली जा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज गेला तर कशाने गेला ते कधीच कळत नाही, मग पुढच्या वेळी परत श्रीगणेशा.

आधी आवाजाला नाव द्या

"आवाज येतोय" एवढ्यावरून कोणी काही सांगू शकत नाही. आपल्या भाषेत आवाजांना इतके शब्द आहेत, ते वापरा, अर्धं निदान तिथेच होतं.

घूंऽऽ किंवा भुणभुण, जाड, एकसुरी, कधी कमी-जास्त न होणारी: हा विजेचा आवाज. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ५० चा किंवा त्याच्या पटीतला १००, १५० चा सूर लागतो. कारण बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये नाहीतर केबलमध्ये.

सूंऽऽ, म्हणजे नळातून लांब कुठेतरी पाणी चाललंय असा: हा अँप्लिफायरचा, म्हणजे स्पीकरमधल्या आवाज मोठा करणाऱ्या भागाचा, स्वतःचा आवाज, व्हॉल्यूमची मांडणी चुकलीय किंवा माइक उघडा राहिलाय.

कुईकुई, किर्र, आणि माउस हलवला किंवा पान स्क्रोल केलं की बदलणारी: हा कॅबिनेटच्या आतला कचरा, ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर जसा करंट ओढतात तसा तो सूर बदलतो.

खरखर, वायरला हात लावला किंवा व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की येणारी: जॅक सैल, वायर आतून तुटलेली, नाहीतर बटणात धूळ.

टक् किंवा पट्ट, गाणं सुरू होताना एकदा आणि थांबल्यावर थोड्या वेळाने एकदा: साउंड चिप वीज वाचवायला झोपतेय आणि उठतेय. दोष नाही, सवय आहे तिची.

आणि गाणंच मधेमधे चरचर करतंय, अडखळतंय, पण गाणं बंद केलं की एकदम शांत: हा विजेचा प्रश्नच नाही, सॉफ्टवेअरचा आहे, सरळ खाली "गाणं अडखळतंय, चरचरतंय" या भागाकडे जा.

एक सातवा पण आहे, टडटड-टडटड-टडटड, फोन वाजायच्या दोन सेकंद आधी. जुन्या लोकांना आठवत असेल, टेबलावर टूजी फोन ठेवला की स्पीकरला आधी कळायचं. तो फोन सेकंदाला २१७ वेळा रेडिओ चालू-बंद करतो आणि स्पीकरची वायर अँटेनासारखी ते पकडते. घरात अजून बटणाचा टूजी फोन असेल तर तो हातभर लांब ठेवा, झालं काम.

हेडफोनची परीक्षा

साधा वायरवाला हेडफोन घ्या, स्पीकरची पिन काढा, आणि कॅबिनेटच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये हेडफोन लावा. मागच्या, पुढच्या नाही. कानाला लावून शांत बसा, मग माउस हलवा, एखादं मोठं पान वरखाली करा.

हेडफोनमध्ये काहीच नाही? मग कॉम्प्युटर निर्दोष आहे, दोष स्पीकर, केबल किंवा विजेच्या बाजूला. हेडफोनमध्येही तोच आवाज? मग दोष आतला किंवा सेटिंगचा. एवढ्या एका परीक्षेने निम्मं काम होतं आणि मी ती आठ महिन्यांत एकदाही केली नव्हती, कारण मला वाटत होतं की हेडफोनचा काय संबंध.

याला जोडून दुसरी: स्पीकरची तीच पिन फोनला लावा, फोनला तो जॅक असेल तर, आणि फोन चार्जिंगला लावलेला नको. भुणभुण गायब झाली तर स्पीकर पण निर्दोष, म्हणजे भांडण दोघांना जोडल्यावरच होतंय. हे लक्षात ठेवा, विजेच्या भागात लागेल. फोनवर पण भुणभुण आहेच तर स्पीकरचं अडाप्टर किंवा आतला फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून सपाट करणारा छोटा भाग) म्हातारा झालाय. पिन नुसती हवेत लोंबकळत ठेवून ऐकू नका, किंवा तिच्या टोकाला बोट लावून बघू नका, तेव्हा भर्रर होणारच, ते आपलं शरीर घरातल्या विजेचं क्षेत्र पकडतं, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

व्हॉल्यूम कुठे वाढवायचा

बरेच जण कॉम्प्युटरचा आवाज २० वर ठेवतात आणि स्पीकरचं बटण फुल्ल. उलटं करा. विंडोजमध्ये ८०-९०, आणि स्पीकरचं बटण हवं तेवढंच. स्पीकर जे येईल ते मोठं करतो, त्यात गाणं पण आलं आणि सूं पण आलं. आधीच मोठं गाणं पाठवलं तर त्याला मोठं करायला फार काही उरत नाही, सूं आपोआप खाली राहतं. सूंवाल्यांपैकी कितीतरी जणांचं इथेच संपतं.

उघडे राहिलेले दरवाजे

आता विंडोजच्या आत. साउंड सेटिंग्जमध्ये खाली मोअर साउंड सेटिंग्ज असं असतं, ते उघडलं की जुन्या पद्धतीची छोटी खिडकी येते, प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग अशा टॅबवाली. आपलं काम त्या जुन्या खिडकीतच आहे.

रेकॉर्डिंगमध्ये जा, माइकवर डबल क्लिक, लिसन नावाचा टॅब. तिथे लिसन टू धिस डिव्हाइस समोर बरोबरची खूण असेल तर काढा. ती खूण असली की माइकला जे ऐकू येतं ते सगळं सतत स्पीकरमधून बाहेर येतं, पंखा, रस्ता, आणि जॅक रिकामा असला तरी त्याचा सूंसूं. तसंच लाइन इन आणि स्टीरिओ मिक्स, वापरत नसाल तर डिसेबल करून टाका. काही ड्रायव्हरमध्ये (ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि एखादा भाग यांच्यातलं दुभाषी सॉफ्टवेअर) प्लेबॅकच्या स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये लेव्हल्स टॅबखाली पण माइक आणि लाइन इनच्या पट्ट्या असतात, त्यांच्या शेजारच्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करून म्यूट करा.

माइकच्या लेव्हल्समध्ये मायक्रोफोन बूस्ट म्हणून एक पट्टी असते, ०, १०, २०, ३० डीबी (डेसिबल) अशा टप्प्यांची. २० डीबी म्हणजे सिग्नल दहापट, ३० म्हणजे तिसाच्याही वर. मीटिंगमध्ये "तुझ्याकडून खूप नॉइज येतोय" असं लोक म्हणत असतील तर बहुतेक हीच पट्टी टोकाला आहे. १० वर आणा, आणि माइक तोंडाजवळ घ्या. लांब माइक आणि जास्त बूस्ट यापेक्षा जवळ माइक आणि कमी बूस्ट हे कधीही चांगलं.

माइकचाच विषय निघाला तर अजून एक. मोबाइलचा इअरफोन, ज्याच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, तो डेस्कटॉपच्या हिरव्या-गुलाबी जॅकला थेट चालत नाही. गुलाबीत घातला तर भुणभुण सोडून काही मिळणार नाही. त्याला दोन शेपट्यांचा स्प्लिटर मिळतो, एक शेपूट हिरव्यात एक गुलाबीत, कॉम्प्युटरच्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळून जातो.

कॅबिनेटच्या आत

पुढच्या जॅकमध्ये कुईकुई आणि मागच्यात शांत, असं असेल तर अभिनंदन, कारण सापडलं. पुढच्या जॅकपासून एक बारीक वायर निघते ती कॅबिनेटभर फिरून मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात, एचडी ऑडिओ लिहिलेल्या पिनांवर बसते, आणि वाटेत ती बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डला किंवा एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाड वायरींना घासून जाते. नीट आवरण नसलेली वायर शेजारच्यांचं सगळं बोलणं ऐकते. सर्वात सोपा उपाय म्हणजे मागचा जॅक वापरा आणि पुढचा विसरा. पण हेडफोन पुढेच लावायचा असेल तर कॉम्प्युटर बंद, मागची पॉवरची वायर काढा, पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल, मग बाजूचा पत्रा उघडून ती वायर कार्डपासून लांब, कॅबिनेटच्या पत्र्याला धरून वळवा. झिप टाय असेल तर बांधा, नसेल तर पिशवीला येते ती पिळायची तार चालवू नका, तिच्यात लोखंड असतं, आत पडली तर शॉर्ट. जाड दोरा घ्या सरळ.

मागच्या जॅकमध्ये पण कुईकुई असेल तर दोन गोष्टी करून बघा. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर टाका, कारण प्रोसेसर सतत झोपतो-उठतो त्या धक्क्यांचा पण आवाज येतो. आणि विंडोजच्या पॉवर सेटिंग्जमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून बघा, पण हे फक्त यूएसबी साउंड कार्डवाल्यांनी.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. स्पीकरची पिन काढून टाकली तरी कुईकुई येतेय, म्हणजे आवाज स्पीकरमधून नाहीच, थेट कॅबिनेटमधून येतोय. याला कॉइल व्हाइन म्हणतात. ग्राफिक्स कार्ड किंवा एसएमपीएसमधल्या तारेच्या गुंडाळ्या करंटबरोबर खरोखर थरथरतात. गेमच्या मेनूत जेव्हा एफपीएस, म्हणजे सेकंदाला बनणारी चित्रं, उगाच चारशे-पाचशेवर जातो तेव्हा हा सगळ्यात मोठा असतो, खेळ सुरू झाला की कमी. एफपीएसला मर्यादा घाला, गेमच्या सेटिंगमधलं व्हीसिंक (एफपीएसला स्क्रीनच्या वेगाला बांधणारं) चालू करा, बराच कमी होतो. याने काही जळत नाही, घाबरू नका, आणि यावर साउंड कार्ड घेऊ नका. घेतलेले लोक मी पाहिलेत.

भिंतीत काय आहे

आता माझा भुंगा.

आमची बिल्डिंग जुनी. सॉकेट थ्री-पिन, दिसायला अगदी व्यवस्थित, वरचं मोठं भोक पण आहे. उन्हाळ्यात एकदा अनवाणी बसलो होतो, मागे पेन ड्राइव्ह लावायला हात घातला आणि पत्र्याला बोटांची मागची बाजू घासली तर झिणझिण्या आल्या, मुंग्या चालल्यासारख्या. आणि त्याच क्षणी स्पीकरमधला घूं बदलला. हात काढला, परत मूळ सूर. हात लावला, परत बदलला. मी तीन-चार वेळा केलं हे, आता वाटतं वेडेपणा होता, तुम्ही करू नका.

काय होतं ते सांगतो. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यात दोन छोटे कपॅसिटर, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. त्यांचं काम आतला कचरा अर्थच्या वायरीतून बाहेर ढकलणं. पण अर्थची वायरच नसेल तर पत्रा अधांतरी लोंबकळतो, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून मुंग्यांवर भागतं. पण त्या किरकोळ करंटला कुठेतरी जायचं असतंच, आणि त्याला सापडलेली वाट म्हणजे स्पीकरच्या केबलची बाहेरची जाळी. गाण्याचा सिग्नल त्याच जाळीच्या आधाराने चालतो. झाला घूं.

साध्या टेस्टरने वायरमनने पत्र्याला टोक लावलं तर टेस्टर मंद पेटला, तेव्हाच तो म्हणाला, "अर्थ नाहीये हो इथे." सॉकेट उघडलं तर मागे वायरी दोनच, तिसऱ्या स्क्रूला काहीच जोडलेलं नव्हतं, कोरा करकरीत स्क्रू. त्याने मीटरच्या बोर्डपासून हिरवी वायर ओढून आणली, अर्ध्या दिवसाचं काम, आणि संध्याकाळी कॉम्प्युटर चालू केला तर मला आधी वाटलं स्पीकरच बंद पडलाय. इतकी शांतता. दुकानात आवाज का येत नव्हता तेही तेव्हा कळलं, तिथे अर्थिंग होतं.

तर झिणझिण्या येत असतील तर आवाज राहू द्या बाजूला, आधी वायरमन बोलवा. सॉकेट स्वतः उघडू नका. तो फेज आणि अर्थच्या मधे बल्ब लावून बघेल. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवलेला असेल तर त्या बल्बने तो ट्रिप होईल, ते चांगलंच लक्षण आहे, अर्थ जागेवर आहे.

दुसरी जात बरोबर उलटी, अर्थ आहे पण दोन वाटांनी आहे. कॉम्प्युटर एका भिंतीच्या सॉकेटवर, अँप्लिफायर दुसऱ्या भिंतीच्या, दोघांना अर्थ, आणि मधे ऑडिओ केबल. असं गोल पूर्ण झालं की दोन अर्थमधला जो थोडासा फरक असतो त्याने त्या गोलातून करंट फिरतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात, ग्राउंड म्हणजे अर्थच. आणि म्हणूनच मघाशी फोनवर स्पीकर शांत झाला होता, फोनला कुठलाच अर्थ नसतो. उपाय फुकट: दोघांना एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. बोर्ड असा घ्या ज्याची स्वतःची पिन थ्री-पिन आहे आणि आतली अर्थची पट्टी खरी आहे, स्वस्तातल्या काही बोर्डांना वर तीन भोकं आणि खाली वायर दोनच तारांची असते.

कॉम्प्युटर एचडीएमआयने टीव्हीला जोडला असेल तर तिसरा पाहुणा असतो, केबलवाल्याची वायर. तिचा अर्थ गल्लीत कुठेतरी वेगळाच असतो. सेट-टॉप बॉक्समागची ती गोल वायर फिरवून काढा आणि ऐका. घूं थांबला तर चोर तोच. त्या वायरीत बसणारा आयसोलेटर मिळतो.

आणि कृपा करून एक करू नका. कोणीतरी सांगतं की अर्थची पिन कापून टाक नाहीतर टू-पिनचा कन्व्हर्टर लाव, आवाज जातो. जातो खरा. पण उद्या एसएमपीएसमध्ये फेज पत्र्याला टेकली तर तो करंट जायला एकच वाट उरते, ती म्हणजे तुम्ही.

इन्व्हर्टरवाल्यांसाठी वेगळं. लाइट गेली की स्पीकर भर्रर करतो आणि लाइट आली की गप्प, आणि त्याच वेळी पंखा पण घुरघुरतो, तर तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. त्याला कॉम्प्युटरच्या बाजूने काही इलाज नाही, साइन वेव्हचा घेईपर्यंत लाइट गेल्यावर हेडफोन वापरा. तसंच पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, टेबलाखालची एलईडीची पट्टी, तोच बोर्ड वापरणारा दहा मिनिटांत बनलेला फोनचा चार्जर. एकेक बंद करत ऐका. रात्री करा हे, दिवसा मिक्सर आणि शेजारच्यांच्या मोटारीत काही कळत नाही.

खरखर

पिन काढा, कोरड्या सुती कापडाने पुसा, आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेने पिनवर हिरवट थर येतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. व्हॉल्यूमचं बटण खरखरत असेल तर स्पीकर बंद करून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. हसू नका, होतो फरक. वायर विशिष्ट कोनात धरल्यावरच चालत असेल तर ती गेली, नवीन घ्या.

गाणं अडखळतंय, चरचरतंय

इथे वायरींचा काही संबंध नाही. साउंड चिपला वेळेवर माल मिळत नाहीये. एखादा ड्रायव्हर, बऱ्याचदा वायफायचा किंवा ग्राफिक्सचा, प्रोसेसरला काही मिलिसेकंद अडवून धरतो आणि तेवढ्यात गाण्याचा साठा संपतो. वायफाय दोन मिनिटं बंद करून ऐका. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालू ठेवून दहा मिनिटं गाणी ऐका, कुठला ड्रायव्हर वेळ खातोय ते नावासकट दाखवतं. तो अपडेट करा, आणि अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर मागचा टाका. साउंडचा ड्रायव्हर मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, "तुमचे १७ ड्रायव्हर जुने आहेत" म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरकडून नको.

मग त्या जुन्या खिडकीत स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये एन्हान्समेंट्स सगळी बंद करा, आणि अडव्हान्स्ड टॅबमध्ये ४८००० हर्ट्झ निवडा, ४४१०० पण चालेल, पण १९२००० वगैरे ठेवू नका, कानाला फरक नाही, कामाला ताण. यूएसबी साउंड कार्ड हबमधून काढून थेट मागच्या पोर्टला. घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांनी बफर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला तो गाण्याचा साठा, ६४ वरून २५६ करून बघा, ४८००० वर २५६ म्हणजे जेमतेम सव्वापाच मिलिसेकंद, तेवढा उशीर पेटी वाजवताना जाणवत नाही.

विकत घ्यायचं झालंच तर

कुईकुई जाता जात नसेल तर छोटं यूएसबी साउंड कार्ड, कारण साउंडचं काम कॅबिनेटच्या बाहेर येतं. पण घूंसाठी ते घेऊ नका, यूएसबीची वायर कॉम्प्युटरचाच ग्राउंड घेऊन येते, लूप तसाच राहतो. माझे पैसे तिथेच गेले.

घूंसाठी ग्राउंड लूप आयसोलेटर, ३.५ मिलिमीटरच्या दोन टोकांमधली छोटी डबी. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर, गाणं चुंबकाने पलीकडे जातं, तार तुटलेलीच राहते. स्वस्तातल्या डबीत बेस थोडा मरतो, तबल्याचा डग्गा ऐकून बघा, लगेच कळतं. मदरबोर्डला आणि स्पीकरला दोघांना ऑप्टिकल, म्हणजे तारेऐवजी उजेडाने गाणं पाठवणारं पोर्ट, असेल तर ते सगळ्यात भारी, उजेडाला अर्थिंग लागत नाही.

एवढं करूनही स्पीकरच्या जाळीला कान टेकवला तर बारीक सूं येईलच, तो प्रत्येक अँपला असतो. खुर्चीत बसून, पंखा बंद करून ऐकू येत नसेल तर सोडून द्या, मी पण दिलाय.